तीन दशांश स्थळं

संस्थेत तिला सगळे वहिनीच म्हणत. याला कारण तिची नणंद. नणंद त्याच इमारतीत दोन मजले खाली पंख्यांवर काम करायची. वहिनी नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात नणंदेने जिन्यात उभं राहून वर तोंड केलं आणि "वहिनी, डबा विसरलीस!" अशी आरोळी ठोकली. ती सगळ्या मजल्यांनी ऐकली. तेव्हापासून नद्यांच्या पुरावर काम करणारे, पांढऱ्या केसांचे गृहस्थसुद्धा दारात उभे राहून म्हणायचे, "वहिनी, माझं गणित रांगेत अडकलंय हो."

नणंदेला घरात टिचकी म्हणत. हाताला लागेल त्या वस्तूला नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, ही तिची लहानपणापासूनची खोड. कप, खिडकीची काच, पाहुण्यांचा चष्मा, काही सुटायचं नाही. पुढे तिने त्या खोडीचंच पोट भरण्याचं साधन केलं. कोणती वस्तू किती आणि का आवाज करते, हे शोधणं हाच तिचा धंदा झाला.

वहिनीचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. ती पोर्टल सांभाळायची. पुलावरचा भार, कालव्यातलं पाणी, धातूतली भेग असली गणितं इतकी मोठी असतात की एका संगणकाला महिनोन्‌महिने पुरतात. संशोधकाने ब्राउझर उघडायचा, पोर्टलच्या पानावर आपले आकडे भरायचे आणि बटण दाबायचं. पोर्टल त्या गणिताचे हजारो तुकडे करायचं आणि ठिकठिकाणच्या कॉलेजांत, कचेऱ्यांत रिकामे बसलेल्या संगणकांकडे एकेक तुकडा धाडायचं. उत्तरं परत आली की ती गोळा करून, शिवून, संशोधकाच्या पुढ्यात ठेवायचं. कोणाचा तुकडा कुठे गेला, कोणाचा संगणक मध्येच झोपला, कोणतं उत्तर अर्धवट आलं, हे सगळं वहिनी बघायची. वीस जणींचा स्वयंपाक एकटीने वाढावा तसं ते काम होतं, आणि तिला ते आवडायचं.

गेल्या वर्षी रांग फारच वाढली. लोक कुरकुरू लागले. वहिनीने बघितलं, तर निम्म्याहून जास्त तुकडे पूर्वी कधीतरी करून झालेले होते. तेच आकडे, तेच गणित, नुसता खटाटोप. मग तिने एक साठवण तयार केली. नवा तुकडा आला की पोर्टलने आधी साठवणीत डोकवायचं, तंतोतंत तेच गणित सापडलं तर जुनं उत्तर लगेच द्यायचं. एकच अडचण होती. संगणकात तोच आकडा दोन वाटांनी आला की शेपटीकडच्या घरांत किंचित वेगळा दिसतो, आणि साठवण त्याला ओळखत नव्हती. म्हणून वहिनीने ओळख पटवताना आकडे तीन दशांश स्थळांपर्यंतच धरले, पुढचे सोडून दिले. लांबी मीटरमध्ये भरायची असा नियम असल्यामुळे तीन स्थळं म्हणजे एक मिलिमीटर. पुलाला, कालव्याला, धरणाच्या दाराला त्याहून बारीक काय लागतं? तिने पूलवाल्यांची आणि नदीवाल्यांची गणितं चालवून बघितली. सगळी चोख आली.

त्या दिवशी तिच्या मनात एक गोष्ट आली होती. याहून बारीक मापाचं काम कोणी करतं का, ते विचारून घ्यायला हवं. मग लेकीला शाळेतून आणायची वेळ झाली आणि ते विचारायचं राहून गेलं.

रांग निम्मी झाली. वहिनीचं कौतुक झालं. विभागप्रमुखांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि ते सहसा उभे राहत ते समोरच्याने आता जावं म्हणून.

टिचकीचं काम मिलिमीटरच्या आतलं होतं.

वहिनीची लेक दिवस भरण्याआधी जन्मली होती. तिला काचेत ठेवलं होतं. वहिनी स्वतः अंथरुणावर होती, म्हणून काचेच्या पेटीशी टिचकी बसून असायची. दोन दिवस तिने त्या पेटीचा आवाज ऐकला आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "वहिनी, बाळ ठणठणीत आहे. पण आतला पंखा बेसूर आहे गं. मुठीएवढं पोर, आणि कानाशी रात्रंदिवस ही घरघर." परिचारिका म्हणाली, बाळांना काही कळत नाही. टिचकी म्हणाली, "तुम्ही विचारलंत का त्यांना?"

तेव्हापासून तिच्या डोक्यात तो पंखा बसला. पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते कापले तर हवा मऊपणे सुटेल आणि आवाज घटेल, असा तिचा होरा होता. दाते किती खोल कापायचे, हा सगळा प्रश्न. तिने हाताने काही पाती कापली, पेटीत मायक्रोफोन ठेवून मोजलं आणि एका ठरावीक खोलीला आवाज खरंच पडला. मग तिने तेच गणित पोर्टलवर घातलं. खोली थोडी थोडी वाढवत नेली, मिलिमीटरच्या दहाव्या दहाव्या भागाने.

पोर्टलने उत्तर दिलं ते सपाट. दाते खोल करा, उथळ करा, आवाज जागचा हलत नव्हता.

टिचकी चार वेळा वर येऊन गेली. "वहिनी, हे बरोबर आहे?"

"अगं, इथे हजारो गणितं रोज बरोबर येतात," वहिनी म्हणाली होती. "आणि तुझा मायक्रोफोन एकच आहे."

ते म्हणताना तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. ती समजूतच घालत होती.

मग मासिक सभेत टिचकी उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. "माझ्या मोजमापात चूक झाली असावी," ती म्हणाली. "आधी कळवलेला निकाल मी मागे घेते." वहिनी दुसऱ्या रांगेत होती. टिचकी खाली बसली तेव्हा वहिनीने आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे केली. विभागप्रमुख म्हणाले, असा प्रांजळपणा दुर्मीळ असतो. आणि त्याच दमात म्हणाले की पंख्याचं काम थांबवावं, महिनाअखेरीच्या शुक्रवारी तिची कामाची खोली रिकामी करून रंगवाल्यांना द्यावी.

त्यानंतर सोमवारी वहिनीच्या पोर्टलवर एक तक्रार आली. कुठल्यातरी दूरच्या संस्थेतल्या भिंगं बनवणाऱ्या माणसाची होती. "मी वेगवेगळ्या जाडीची भिंगं पाठवली. सगळी एकाच चेहऱ्याने परत आली. तुमच्याकडे गणित करतात की शिक्के मारतात?"

वहिनी हसली. मग तिने त्याचे आकडे उघडले, आणि हसू ओठांवरच राहिलं. भिंगांच्या जाडीत फरक होता तो चौथ्या दशांश स्थळावर. तिची साठवण तिसऱ्यापुढे बघतच नव्हती. पहिल्या भिंगाचं गणित खरं झालं होतं. बाकीच्यांना साठवणीने तेच उत्तर उचलून दिलं होतं.

मिलिमीटरच्या आत काम करणारं दुसरं कोण आहे, हे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. ती व्यक्ती रोज तिच्या समोर बसून जेवत होती.

साठवण तिने तिथल्या तिथे बंद केली. भिंगवाल्याला दोन ओळी लिहिल्या, की तपासते आहे. मग ती उठली, जिन्यापर्यंत गेली, कठड्यावर हात ठेवला. खालून टिचकीच्या बोलण्याचा आवाज येत होता. कोणालातरी ती सांगत होती, "घेऊन जा ना तो टेबल. मला आता काय, त्यावर झोपायचंय?"

वहिनी परत वर आली. आधी खात्री करून घ्यावी, असं तिने स्वतःला सांगितलं. हातात काहीतरी ठोस असावं. तिने टिचकीचं जुनं गणित पुन्हा रांगेत घातलं, यावेळी साठवणीशिवाय, प्रत्येक तुकडा नव्याने.

ते चार दिवस कसे गेले हे तिचं तिलाच ठाऊक. घरी टिचकी मजेत असल्यासारखी वागत होती. "मी आता शिकवण्या घेणार," तिने जेवताना जाहीर केलं. "पंख्यांपेक्षा पोरं परवडली. ओरडली तर का ओरडतात ते सांगतात तरी."

"आत्या, मी का ओरडते ते मी सांगत नाही," लेक म्हणाली.

"तुझ्या ओरडण्याला कारण लागतंच कुठे, महाराणी?"

सगळे हसले. वहिनीने फळ सोललं, त्याच्या फोडी केल्या आणि टिचकीपुढे सरकवल्या. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे तिचे कपडे काढून घडी करून ठेवले. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळची चांगली खुर्ची तिला दिली. टिचकी तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"काय गं वहिनी? डॉक्टरांनी तुला परस्पर काही सांगितलंय का माझ्याबद्दल?"

"कशाला? काहीतरीच तुझं."

"नाही, जाता जाता लाड केल्यासारखे लाड चाललेत, म्हणून विचारलं."

वहिनीचा नवरा भांडी घासत होता. त्याने मागे वळून बायकोकडे बघितलं. झोपायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "जे काय असेल ते तिला सांगून टाक. ती ओरडेल. ओरडू दे." काय आहे ते त्याने विचारलं नाही. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आणि दिवसा ती पोर्टलसमोर बसून तुकडे परत येताना बघत होती. आलेख ठिपक्या-ठिपक्याने भरत होता. तिने आयुष्यभर उत्तराची वाट बघितली होती ती उत्तर कोणतंही असो, खरं असावं म्हणून. ती तशीच शिकली होती. आता मात्र तिला कळलं की आपण एका विशिष्ट उत्तरासाठी देवाचा धावा करतोय. रेषा सपाट यावी. दाते खोल असोत की उथळ, आवाज हलू नये. म्हणजे चूक झाली, पण तिने कोणाचं काही बिघडलं नाही, असं होईल. म्हणजे मग काही सांगायची पाळीच येणार नाही. नणंदेची इतक्या वर्षांची कल्पना फोल ठरावी, अशी ती मनोमन प्रार्थना करत होती, आणि ती कल्पना तिच्याच लेकीच्या पेटीशी सुचलेली होती.

शुक्रवारी सकाळी आलेखात खळगा दिसला. उथळ दात्यांना आवाज वर होता, मग रेषा उतरत गेली, एका जागी चांगली खोल गेली आणि पुन्हा चढली. टिचकीने हाताने कापलेल्या पात्याची खोली बरोबर त्या तळाशी होती.

वहिनी आधी विभागप्रमुखांकडे गेली. हाही तिने स्वतःला घातलेला एक वळसाच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं.

"दुरुस्त झालंय ना आता?"

"हो सर."

"मग झालं तर. पुढच्या आठवड्यात पाहणी समिती येतेय. पोर्टल हे आपलं दाखवायचं काम आहे. आत्ता गाजावाजा कशाला? ते येऊन जाऊ देत, मग बघू."

"आणि ज्यांची उत्तरं चुकली, ते?"

"संशोधक आहेत. कधीतरी पुन्हा चालवतीलच."

"माझी नणंद आज खोली रिकामी करतेय, सर."

ते उभे राहिले. "घरच्या गोष्टी इथे आणू नयेत, वहिनी," ते म्हणाले, आणि आपण तिला वहिनी म्हटलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वहिनी जिना उतरली. टिचकी जमिनीवर मांडी घालून पाती जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होती. गुंडाळण्याआधी प्रत्येक पात्याला एक टिचकी मारत होती. भिंतींवर फळ्यांचे नुसते पांढरे चौकोन उरले होते.

"ये. बघायला आलीस की उचलायला?"

"चूक तुझी नव्हती," वहिनी दारातूनच म्हणाली.

"कुठली?"

"मोजमापाची. तुझा मायक्रोफोन बरोबर होता. पोर्टल चुकीचं होतं. म्हणजे, मी." तिने आलेखाचा कागद पुढे केला आणि साठवणीचं, तीन स्थळांचं, भिंगवाल्याचं सगळं सांगितलं. सांगायला वाटलं होतं त्याहून फार कमी वेळ लागला.

टिचकीने कागद मांडीवर ठेवला. बोटाने रेषेवरून उतरत उतरत ती खळग्यात थांबली. "इथेच," ती म्हणाली. "अगं, मी इथेच मोजलं होतं!" आणि ती मोठ्याने हसली. "म्हणजे मी बहिरी नाही! मी कान तपासून घेतले गं, वहिनी. कोणाला बोलले नाही, पण जाऊन कान तपासून आले."

वहिनीला तेही माहीत नव्हतं. तिने दाराची चौकट धरली.

टिचकी अजून कागदाकडेच बघत होती. "एवढे तुकडे चालायला दोन-तीन दिवस लागले असतील ना? तुला कळलं कधी?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

"मला आधी खात्री करून घ्यायची होती."

"कसली? चूक झालीय याची? ती खात्री तर सोमवारीच झाली ना तुझी." टिचकीने मान वर केली. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते तिथे विसरून राहिल्यासारखं. "ही रेषा सपाट आली असती तर?"

वहिनीने कागदातल्या खळग्याकडे बघितलं.

"सांगितलं असतंस मला?"

हो म्हणणं सोपं होतं. टिचकीने ते मानलंही असतं. तिला मानायचं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "बहुतेक नाही."

बाहेर व्हरांड्यात रंगवाल्यांनी काहीतरी जड वस्तू खाली टेकवली. टिचकीने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"सभेत मी उभी होते तेव्हाचं मी काही म्हणत नाही. तेव्हा तुला माहीत नव्हतं. तू पाणी दिलंस, मी प्यायले." तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "पण सोमवारपासून? चार दिवस तू मला फळं सोलून दिलीस, वहिनी. मी घरात गंमत सांगत होते. तुला वाटलं, मी सुखात आहे म्हणून?"

"नाही वाटलं."

"मग बरंच आहे."

वहिनी खाली वाकली आणि तिने एक पातं उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," टिचकी म्हणाली. "ठिसूळ आहेत."

वर येऊन वहिनीने पोर्टलचं पहिलं पान उघडलं. तिथे समितीसाठी वेगाचे रंगीत आलेख लावलेले होते. ते तिने काढले. त्या जागी लिहायला लागली, "काही तांत्रिक कारणांमुळे", आणि तिथे थांबून ते तीन शब्द खोडले. मग लिहिलं: "साठवण सुरू झाल्यापासून ज्यांनी एका मिलिमीटरहून बारीक मापं भरली, त्यांना चुकीची उत्तरं गेलेली असू शकतात. आकडे तीन दशांश स्थळांपर्यंतच धरण्याचा निर्णय माझा होता आणि बारीक मापांवर मी तो तपासला नव्हता. पंख्याच्या पात्यांचा मागे घेतलेला निकाल बरोबर होता, चूक पोर्टलची होती." खाली आपलं पद घातलं आणि सगळ्यांना पाठवून दिलं.

थोड्याच वेळात फोन वाजला. "तुम्हाला थांबायला सांगितलं होतं," विभागप्रमुख म्हणाले.

"हो सर."

"हे तुम्हाला जड जाईल."

"हो सर," वहिनी म्हणाली, कारण ते खरंच होतं. समितीपुढे पोर्टल दाखवलं गेलं नाही. तिच्या बढतीचा विषय पुन्हा निघाला नाही. कोणी चिडून लिहिलं, कोणी आभार मानले. भिंगवाल्याने कळवलं, "शिक्केच होते म्हणायचे!" पांढऱ्या केसांचे गृहस्थ दारात येऊन म्हणाले, "माझ्या नदीला मिलिमीटर कळत नाही, वहिनी, तुम्ही निवांत राहा." ते चांगल्या मनाने बोलले, पण तिला निवांत काही वाटलं नाही.

टिचकीने पुढच्या सभेत आपला मागे घेतलेला निकाल पुन्हा मांडला. या वेळी तिच्या हातात कागद होता. खोली मात्र रंगवाल्यांकडेच गेली. तिला तळमजल्यावर अडगळीच्या खोलीतला एक कोपरा मिळाला, आणि तिथे तिने पाती पुन्हा उलगडली. घरी ती लेकीशी पूर्वीसारखीच भांडायची, भावाला चिडवायची. वहिनीशीही बोलायची. भाजी आणायची का, बिल भरलं का, असं सगळं. कपाला टिचकी मारायची तीही कोणी बघत नसलं की. जिन्यातून आरोळी मात्र आली नाही.

महिन्याभराने एका सकाळी रांगेत पंख्याचं नवं गणित आलं. पोर्टलवर आकड्यांखाली सूचनेचा एक चौकोन असे. तिथे लोक लिहायचे, "वहिनी, जरा लवकर." टिचकी तर तिथे पूर्वी चक्क घरचा बाजारहाट लिहायची. आज तिथे लिहिलं होतं:

"साठवलेली उत्तरं देऊ नयेत. प्रत्येक तुकडा दोन वेगळ्या संगणकांवर चालवावा. दोन्ही उत्तरं मला पाठवावीत, जुळली तरी."

वहिनीने ते वाचलं. शेवटचे दोन शब्द तिने पुन्हा वाचले. तिच्या पुढ्यात एक कळ होती, ती दाबली की कोणतंही गणित रांगेच्या तोंडाशी नेता यायचं. तिचा हात तिकडे गेला आणि मागे आला. तिने ते गणित आधी आलेल्या कालव्याच्या गणितामागे, त्याच्या त्याच्या जागी लावलं आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती केल्या.

असं काम बघत बसायची गरज नसते, ते आपोआप चालतं. तरी ती बसून राहिली. पाळी आली तसे तुकडे निघाले, कुठल्या कुठल्या रिकाम्या खोल्यांतल्या संगणकांकडे. बऱ्याच वेळाने पहिलं उत्तर आलं. त्याची जोडी यायला आणखी थोडा वेळ लागला. वहिनीने दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून शेवटच्या घरापर्यंत तपासली. जुळत होती. तिने दोन्ही खाली पाठवून दिली आणि पुढच्या जोडीची वाट बघू लागली.